रविवार संध्याकाळची भक्ती आणि बुधवारची प्रार्थना: खेड्यातल्या चर्चला झेपतील का?

काळीमाती (यवतमाळ जिल्हा)

सर्वांना जय ख्रिस्त, बाकीच्यांना नमस्कार.

आमचं चर्च तालुक्याच्या गावापासून आत, मिशनच्या जुन्या कंपाऊंडात. रविवारी सकाळी साडेदहाची भक्ती, म्हणजे सामुदायिक उपासना, आठवड्यात एवढीच. या उन्हाळ्यात नवे पाळक (पास्टर) आले. तरुण आहेत, उमेद आहे. त्यांनी पंचांपुढे, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्यांपुढे, प्रस्ताव ठेवला की रविवारी संध्याकाळी सातला दुसरी भक्ती घ्यायची आणि दर बुधवारी प्रार्थना सभा, दोन्ही चर्चमध्येच. पंचांत लगेच दोन तट पडले. म्हातारी मंडळी म्हणतात, पूर्वी हे सगळं होतं, ते बंद पडलं म्हणून चर्चची मंडळी थंड झाली. बाकीचे म्हणतात, सकाळीच बाक रिकामे, संध्याकाळी बसवणार कोणाला?

बुधवार सुरू करून पाहिला. पाळक, पाळकीणबाई, तीन-चार म्हाताऱ्या आणि पेटी वाजवणारा पोरगा. मी पंच आहे आणि माझं वावरही आहे. सोयाबीन उभं असताना मलाच बुधवारी जायला जमत नाही, तर दुसऱ्याला कोणत्या तोंडाने सांगू?

तुमच्याकडे काय चालतं ते लिहा. किती लोक येतात ते नको, कोण येतं ते सांगा.

पांढरी टोपी (वाशीम)

मी मिशनच्या दवाखान्यात नोकरी केली, आता निवृत्त. आमच्याकडे रविवार संध्याकाळ आणि बुधवार दोन्ही होतं, आणि भरायचं. पण का भरायचं ते समजून घ्या. डॉक्टर, नर्सा, कंपाउंडर, शाळेचे मास्तर, वसतिगृहाची मुलं, सगळे घंटेच्या टप्प्यात राहायचे. रविवारी सकाळी अर्ध्या नर्सा ड्युटीवर, म्हणून त्यांच्यासाठी संध्याकाळची भक्ती. बुधवारची सभा दिवसपाळी सुटली की लगेच, म्हणजे रात्रपाळीच्या मुलींनाही प्रार्थना करून वॉर्डात जाता यायचं. वसतिगृहाची मुलं तर रांगेनेच आणायचे, त्यांना कोण विचारतंय. सगळ्यांचा पगार एक तारखेला. वेळ ड्युटीच्या तक्त्यावरून ठरली होती, स्वर्गातून नाही.

काळीमाती भाऊ, तुमच्या कंपाऊंडात आता किती घरं राहतात?

काळीमाती

दोन. एक पाळकवाडा, एक चौकीदार. बाकी मंडळी तीन गावांत आणि एका वाडीवर. वाडी चर्चपासून चार किलोमीटर, मध्ये नाला.

पुणेरी व्हराडी

सोपं आहे, लाईव्ह करा. लॉकडाऊनमध्ये आपण सगळे रात्री आठला फोनवर प्रार्थना करतच होतो की. पाळकांना पेट्रोल नको, म्हाताऱ्यांना चालणं नको. मी पुण्यातून आजही गावची भक्ती बघतो, गावात मात्र कोणी बघत नाही. 😄

पऱ्हाटी

पुणेवाले भाऊ, आमच्या वाडीवर फोन लावाचा असन तं टाकीवर चढा लागते. तुमचं लाईव्ह आमी टाकीवर बसून पाहाव का?

काळीमाती भाऊ, तुमी इचारलं कोन येते. मी सांगते कोन येत नाई. आमच्या वाडीतल्या अर्ध्या बाया येत नाई. दिवाळीपासून तं होळीपर्यंत कापूस. पैसे किलोवर. दव उडालं का वावरात, अन् पाचले काट्यावर मोजून घरी. रविवारी तं अजून गर्दी, काऊन का कॉलेजच्या पोरी बी वेचाले येते. मालक म्हनते, आज नाई आली तं उद्या दुसरी गँग लावतो. मंग साडेधाच्या भक्तीले कोन जाईन जी?

वरून पाळकसाहेब प्रवचनात म्हनते, देवासाठी आठवड्यातला एक दिवस नाई का तुमच्याजोळ? अजी, एक दिवस हाय ना. पन तुमी तो सकाळी धरला. रात्री ठेवा, भाकरी टाकून येतो. सातले नको, सातले चूल पेटली असते. आठले ठेवा.

जुनी पानं

पऱ्हाटीताईंनी दुखऱ्या जागी बोट ठेवलं. रविवार म्हणजे सुट्टी, आणि सकाळ म्हणजे देवाची वेळ, हे दोन्ही फार उशिरा ठरलेलं आहे.

सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना रविवारी सुट्टी नव्हतीच. रोमन साम्राज्यात तो कामाचाच वार होता. इ.स. ११२च्या सुमारास प्लिनी नावाच्या सुभेदाराने सम्राटाला पत्र लिहिलं, त्यात आहे की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमून ख्रिस्ताची स्तोत्रं म्हणतात, मग पांगतात, आणि नंतर जेवायला पुन्हा एकत्र येतात. उजाडण्याआधी का, तर उजाडल्यावर मालकाचं काम. या पत्रात प्लिनीने ज्यांना छळून माहिती काढली त्या दोघी दासी होत्या, आणि मंडळीत सेविका होत्या. म्हणजे पहिल्या काळातल्या त्या बायका आपल्या वेचणीवाल्यांच्याच जातकुळीच्या.

पुढे ३२१ साली रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने रविवारची विश्रांती कायद्यात आणली. पण त्या हुकमात एक पोटकलम आहे, जे कोणी वाचत नाही. न्यायाधीश, शहरातले लोक आणि कारागीर यांनी थांबायचं, पण खेड्यात शेती करणाऱ्यांना कामाची मोकळीक. कारण काय दिलं? पेरणीला किंवा वेली लावायला दुसरा दिवस तितका चांगला मिळेलच असं नाही, आणि साधलेली वेळ हातची जाऊ नये. सतराशे वर्षांपूर्वीच्या बादशहाला वापसा कळत होता.

आणि आपल्या महाराष्ट्रात? नारायण मेघाजी लोखंडेंनी झगडून १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. वावरातल्या मजुराला ती आजपर्यंत कोणी दिलेली नाही.

तिसरी घंटा

इतिहास ऐकला. पण सोयीने केलेली भक्ती ती कसली भक्ती? इब्री लोकांस पत्राच्या १०व्या अध्यायाचं २५वं वचन काढा. एकत्र जमणं सोडू नका, असं स्पष्ट लिहिलं आहे, कित्येकांना ती सवयच लागली आहे असंही लिहिलं आहे. आमच्या वडिलांच्या काळात यवतमाळला सेमिनरी (पाळक घडवणारं विद्यालय) होती. तिथले विद्यार्थी शनिवार-रविवार सायकलवर खेड्यात यायचे, कंदिलाच्या उजेडात संध्याकाळची भक्ती घ्यायचे. तेव्हा काय कापूस नव्हता? मजुरी नव्हती? १९८३ला सेमिनरी पुण्याला गेली आणि आमची संध्याकाळही गेली.

आणि आज वेळ नाही म्हणणाऱ्यांना एक विचारतो. तालुक्याच्या गावात ज्या नव्या फेलोशिपा (स्वतंत्र प्रार्थना मंडळ्या) निघाल्या आहेत, तिथे शुक्रवारी उपास-प्रार्थना, महिन्यातून एकदा रात्रभराची सभा. आपलीच पोरं तीन-तीन बसून मोटारसायकलवर वीस किलोमीटर जातात आणि पहाटे येतात. तिथे वेळ कुठून मिळतो? दुसऱ्या दिवशी वेचणी नसते?

पेटीवाला

तिसरी घंटा काका, जाणाऱ्यांपैकी मीच एक आहे, म्हणून सांगतो. आईचं पोटाचं ऑपरेशन होतं सावंगीला. त्या सभेत तिचं नाव घेऊन प्रार्थना झाली, पुढच्या शुक्रवारी विचारलं की आता कशी आहे. आपल्याकडे बुधवारी काय होतं? रविवारचंच प्रवचन, थोडं कमी करून. तीन गाणी, वाचन, तीस-चाळीस मिनिटं बोलणं, शेवटी एकाच माणसाची लांब प्रार्थना, त्यात देशाचे पुढारी येतात, जगातली युद्धं येतात, माझी आई येत नाही. मंडळीतल्या म्हाताऱ्यांना तोंड उघडायची संधीच नाही, आणि त्यांना तर अख्ख्या गावाचं दुखणंखुपणं माहीत असतं.

तिथलं सगळं मला पटतं असं नाही. माइकचा आवाज तर नकोच. पण बुधवारच्या सभेला प्रार्थना सभा म्हणायचं तर तिथे प्रार्थना पाहिजे ना.

पांढरी टोपी

पेटीवाल्या, अगदी खरं बोललास बाळा. आमच्याकडे बुधवारी प्रवचन नसायचंच. एक वचन वाचायचं, मग एकेकाने सांगायचं: माझ्या भावाची म्हैस गेली, माझ्या सुनेला दिवस आहेत, बारा नंबरच्या खाटेवरच्या पेशंटला रक्त मिळत नाही. आणि मग त्यावर छोट्या छोट्या प्रार्थना. सिस्टर मॅडम घड्याळ ठेवून बसायच्या, तीन मिनिटांच्या वर गेलं की खोकायच्या.

जुनी पानं

बुधवारच्या सभेबद्दल एक गोष्ट. २३ सप्टेंबर १८५७, वार बुधवार. न्यूयॉर्कच्या फुल्टन स्ट्रीटवरच्या एका चर्चमध्ये जेरेमाया लॅन्फियर नावाच्या साध्या माणसाने (तो पाळकही नव्हता, आधी कापडाच्या धंद्यात होता) दुपारी बारा ते एक प्रार्थना सभा ठेवली. अर्धा तास एकटाच बसला. एक वाजेपर्यंत सगळे मिळून सहा झाले. पुढच्या आठवड्यात वीस, मग चाळीस, पुढे रोजची झाली. ऑक्टोबरात बँका बुडाल्या आणि गर्दी आणखी वाढली, दुसऱ्या शहरांत लोण गेलं.

लोक या गोष्टीतून "सहा जणांनी सुरुवात झाली, धीर धरा" एवढंच काढतात. मला दुसरं दिसतं. त्याने बारा ते एकच का निवडले? ती कारकून, हमाल, दुकानातल्या नोकरांची जेवणाची सुट्टी होती. पाच मिनिटं बसून गेलात तरी चालेल, अशी मोकळीक होती. बोलायला, प्रार्थनेला प्रत्येकाला थोडीच मिनिटं. मेथडिस्ट पंथ ज्याच्यामुळे सुरू झाला त्या जॉन वेस्लीचंही तेच. पहाटे पाचला प्रवचन करायचा, कारण कामावर जाणारा माणूस तेव्हाच सापडतो. तिसरी घंटा, ही सोय म्हणायची की शिस्त, तुम्हीच सांगा. पहाटे पाचला उठायचं होतं ते वेस्लीला.

उंबरठा (अमरावती जिल्हा)

आम्ही कॅथलिक, म्हणून थोडं वेगळं लिहिते. आमच्याकडे पूर्वी संध्याकाळी मिस्साच (आमची मुख्य उपासना) व्हायची नाही. कम्युनियन (प्रभुभोजन) घ्यायचं तर मध्यरात्रीपासून पाणीसुद्धा नाही, म्हणून सगळं सकाळीच. पोप बारावे पायस यांनी १९५३ साली उपासाचा नियम सैल केला आणि संध्याकाळच्या मिस्सेला वाट दिली, १९५७ला आणखी मोकळी केली. आता शनिवारी संध्याकाळची मिस्सा घेतली तरी रविवारचं कर्तव्य पूर्ण होतं. मुंबईत माहीमला बुधवारचा नोव्हेना (नेमाची प्रार्थना) १९४८पासून चालू आहे आणि तिथे कोणत्या धर्माचे लोक येत नाहीत ते विचारा.

पण आमच्या गावाचं विचाराल तर इथे फक्त उपकेंद्र आहे. फादरकडे अशी कितीतरी गावं. ते जेव्हा येतात तेव्हा बहुतेक आडवारीच, दिवेलागणीनंतर, शाळेच्या खोलीत. फादर येतील तो आमचा रविवार. कोणाला त्यात कमीपणा वाटत नाही. उलट रविवार नसल्यामुळे घाई नसते, फादर जेवून जातात, दोघातिघांचे तंटे तिथेच मिटतात.

पाळकवाडा

एवढा वेळ नुसती वाचत होते. मी पाळकाची बायको. कोणत्या तालुक्यात ते सांगत नाही.

यांच्याकडे चार गावं आहेत. रविवारी सकाळी एका गावात आठला, दुसऱ्या गावात साडेदहाला. दुपारी कोणाच्या तरी घरी आभार-प्रार्थना किंवा आजाऱ्याची भेट. त्यावर आता संध्याकाळची भक्ती. त्यावर बुधवार. मग स्त्री मंडळ म्हणतं आमचा शुक्रवार, तरुण संघ म्हणतो आमचा शनिवार. प्रत्येकाला वाटतं आपण एकच तास मागतोय. रात्री साडेनऊला हे मोटारसायकलवर निघतात, रस्त्यावर रानडुकरं, एका पुलाला कठडे नाहीत, आणि मी खिडकीत. मानधन किती ते पंचांना विचारा, आणि तेही वेळेवर येतं का ते मला विचारा.

दोन भक्त्या घ्यायच्या तर प्रवचनं दोन तयार करा, नाहीतर लोक म्हणतात सकाळचंच ऐकवलं. जे सकाळी आले तेच संध्याकाळीही येणार, कारण न येणारे खरंच वेळेमुळे येत नाहीत का, ते कोणी तपासलेलंच नसतं. पऱ्हाटी, तुमच्यासारखं कोणी उभं राहून सांगत नाही हो. तुमची वाडी जर आमच्या हद्दीत असती तर मीच आठची वेळ मागितली असती. पण सकाळच्या जोडीला नाही, सकाळच्या ऐवजी.

आणि संध्याकाळी सात ही वेळ ठरवणारा माणूस स्वयंपाक करत नाही, हे तर उघडच आहे.

तिसरी घंटा

पाळकीणबाई, तुमचा त्रास मान्य. पाळकावर सगळं टाकू नये. वडीलजन, डिकन (मंडळीतले नेमलेले जबाबदार लोक) कशाला असतात? बुधवार त्यांनी घ्यावा.

पण ऐवजी हे मला मान्य नाही. प्रभूच्या दिवसाची सकाळ सोडायची? पुनरुत्थान पहाटे झालं.

पेटीवाला

आणि प्रभुभोजन रात्री झालं, काका.

तिसरी घंटा

तुला उत्तर द्यायला मी बुधवारी येईन.

धानपट्टा (चंद्रपूर जिल्हा)

आमच्या भागात हा प्रश्न वाघाने सोडवला आहे. ब्रह्मपुरी-सिंदेवाही पट्ट्यात दिवस मावळल्यावर जंगलाच्या कडेच्या गावातून दुसऱ्या गावाला कोणी पायी जात नाही, जाऊही नये. म्हणून संध्याकाळची भक्ती म्हणजे दुपारी चार. साडेपाचला आशीर्वाद, उजेडात घरी. तुमच्या आठ वाजताची इथे कोणी कल्पनाही करणार नाही.

आणि सगळं कापसावरच मोजू नका. आमच्याकडे धान. जुलै-ऑगस्टात रोवणी, तेव्हा कोणतीही वेळ ठेवा, बाया चिखलात. मार्च-एप्रिलात मोहफूल. फूल पहाटे गळतं आणि ढोरांच्या, हरणांच्या आधी वेचावं लागतं. ईस्टर नेमका त्याच दिवसांत येतो. पहाटेची पुनरुत्थानाची भक्ती म्हणजे आमच्यासाठी मोहाच्या झाडाखाली उभ्या असलेल्या माणसांना बोलावणं. आमच्या जुन्या पाळकांनी ती भक्ती सकाळी नऊवर नेली, तेव्हा चर्च भरलं. मेमध्ये तेंदूपत्ता, तेव्हा पुन्हा पहाट गेली आणि दुपारी पुडे बांधायचे. असं वर्षभराचं चक्र आहे. एकच वेळ बारा महिने चालवणं हे शहरातल्या ऑफिसाला जमतं.

दोन बॅटऱ्या

चक्राचंच निघालं म्हणून. आमच्या शेतीच्या फिडरला एक आठवडा लाईन (वीज) दिवसा, एक आठवडा रात्री. हरभऱ्याच्या, गव्हाच्या दिवसांत रात्रीची लाईन आली की माणूस ओलितावर. पुरुष आठच्या भक्तीलाही नसणार. शिवाय जागल. डुकरं भक्ती संपायची वाट पाहत नाहीत. म्हणजे बायकांना आठ जमेल, पुरुषांना दर दुसऱ्या आठवड्याला. हे धरून चला, नाहीतर पुन्हा प्रवचनात "पुरुष कुठे आहेत" असं ऐकावं लागेल.

उन्हाळ्यात मात्र संध्याकाळच बरी. मेमध्ये पत्र्याखाली साडेदहाला बसून पाहा. पंचेचाळीस डिग्रीत आमचे एक आजोबा दर वर्षी चक्कर येऊन पडतात आणि दर वर्षी पंच म्हणतात, पुढच्या वर्षी वेळ बदलू.

खंजेरी

मी ख्रिस्ती नाही, गुरुदेव सेवा मंडळाचा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गावोगाव सामुदायिक प्रार्थना लावून दिली, ती आमच्या गावात अजून रोज संध्याकाळी होते. म्हणून दोन गोष्टी सांगतो, आगाऊपणा वाटला तर सोडून द्या.

एक तर आमची प्रार्थना लहान असते. ठरलेली असते. कोण आलं, कोण नाही यावर अडत नाही, आणि भाषण करायची हौस असणाऱ्याला तिथे वाव नाही. म्हणून टिकली. आमच्याकडेही पोरं कमी झाली, खोटं कशाला बोलू. पण बंद पडली नाही.

दुसरं जरा नाजूक आहे. रात्री बंद दाराआड कोणाच्या घरी सभा सुरू झाली की आजकाल गावात कुजबुज होते. दिवस तसे आहेत. आमच्या शेजारी ख्रिस्ती कुटुंब आहे, त्यांच्याकडे महिन्यातून एकदा प्रार्थना होते. ते ओट्यावर सतरंजी टाकतात, दार उघडं, आम्हालाही आवाज येतो, आमची म्हातारी तर जाऊन बसते, तिला त्यांची भजनं आवडतात. कधी कोणी ब्र काढला नाही. स्पीकर मात्र लावू नका. रात्री दहानंतर तर कायद्यानेच बंदी आहे, पण आठलाही नको. शाळेची पोरं अभ्यासाला बसलेली असतात.

रोखठोक

वा, म्हणजे आता प्रार्थना करायलाही गावाची परवानगी? आणि ते धर्मांतराचं...

संपादक

रोखठोक, इथेच थांबूया. त्या विषयावर वेगळा धागा आहे, तिथे लिहा. तुमच्या पुढच्या तीन प्रतिसादांतला संबंधित मजकूर तिकडे हलवला आहे. इथे चर्चा भक्तीच्या वेळांची चालू राहू दे.

काळीमाती

खंजेरी दादा, आगाऊपणा कसला. आमच्याकडे पोलीस पाटील माझे वर्गमित्र आहेत, त्यांना आधीच सांगून ठेवतो. परवानगी मागत नाही, कल्पना देतो. ओट्याचं पटलं.

धानपट्टा आणि दोन बॅटऱ्या यांचं वाचून एक उद्योग केला. मंडळीतल्या घरांची यादी काढली आणि प्रत्येक घरात रविवारी सकाळी कोण कुठे असतं ते लिहिलं. नोकरीवाली, पेन्शनवाली घरं सकाळी मोकळी, आणि तीच रविवारी येतात. मजुरीवाली घरं यादीत जास्त, बाकावर कमी. ज्यांची शेती आहे ते मधले, पावसावर अवलंबून. पंचांमध्ये मजुरीवाल्या घरातलं कोणीच नाही. हे मला यादी करेपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं आणि सांगणार तरी कोण, बैठकही रविवारी सकाळीच भक्तीनंतर होते.

पऱ्हाटी

मंग बैठक बी रात्री घ्या.

पाळकवाडा

घरोघरी सभा घेणार असाल तर एक काळजी घ्या. चहा. पहिल्या घरी चहा होतो, दुसऱ्या घरी चहा-बिस्किट, तिसऱ्या घरी पोहे, चौथ्या घरी चिवडा-जिलेबी, आणि पाचव्या घरची बाई म्हणते आमच्याकडे पाळी नको, घरात आजारपण आहे. आजारपण नसतं. साखर नसते. आम्ही शेवटी जाहीरच केलं की पाण्याशिवाय काही नाही, आणि पहिली पाळी ज्यांच्याकडे सगळ्यांत जास्त आहे त्यांच्याकडे ठेवली, म्हणजे नियम त्यांनीच पाळून दाखवला.

उंबरठा

हे फादरांच्या जेवणालाही लागू करायला हवं. आमच्याकडे कोंबडीवरून चढाओढ आहे. 🙈

तिसरी घंटा

चहाचं बाईंनी सांगितलं ते बरोबर. पण मी पुन्हा सांगतो, घरी घेतली की चर्चची इमारत ओस पडते. आजोबांनी दगड वाहून बांधलेली वास्तू आहे. आठवड्यातून एकदाच दार उघडलं तर वटवाघळं राहतात, आमच्याकडे राहिली आहेत. काही म्हणा, दिवा लागलेलं चर्च गावाला दिसायला हवं. आमच्या गावातले इतर लोकही म्हणायचे, चर्चात दिवा लागला, आज बुधवार.

दोन बॅटऱ्या

काका, मग संध्याकाळी दार उघडं ठेवा, सभा नको. ज्याला यायचं तो येऊन बसेल. माझी बहीण बारावीला आहे, तिला घरात अभ्यासाला जागा नाही. तिला द्या तो दिवा.

तिसरी घंटा

हे आमच्या पंचांपुढे मांडतो. खरंच.

काळीमाती

बैठक झाली, रात्री झाली, वाडीवर झाली. पऱ्हाटीसारख्या तीन बाया बोलल्या, एक जण तर मालकाचं नाव घेऊन बोलली, ते मिनिट्समध्ये लिहिलं नाही.

ठरलं ते असं. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारपासून होळीपर्यंत मुख्य भक्ती रात्री आठला, प्रवचन वीस मिनिटांच्या वर नाही. सकाळी संडे स्कूल आणि म्हाताऱ्या माणसांसाठी अर्ध्या तासाची प्रार्थना, ती वडीलजन घेतील, पाळक तेव्हा दुसऱ्या गावात. महिन्यातून एकदा प्रभुभोजन रात्रीच्या भक्तीत. यावर बराच वेळ गेला, शेवटी हात वर करून मोजलं आणि पास झालं. एका पंचांनी सही केली नाही, त्यांचा मान ठेवून कागद तसाच फाईलला लावला. मार्च ते जूनचं धोरण होळीला बसून ठरवू, उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहा असा बहुतेकांचा कल आहे. पाऊस सुरू झाला की नाला वाहतो, तेव्हा वाडीची वेगळी सोय करावी लागेल. त्यावर काही सुचलं नाही.

बुधवार चर्चमधून काढला. वाडीवर ओट्यावर, पंधरा दिवसांतून एकदा, प्रवचन नाही. वारही बदलला.

पऱ्हाटी

कोनता वार? मंगळवारी बाजार असते, त्या दिवशी हप्त्याचा हिशेब होते, मालकाच्या घरी बसून रा लागते. मंगळवार नको.

काळीमाती

गुरुवार. आणि चहा नाही, पाळकवाड्याचा नियम जसाच्या तसा घेतला.

धानपट्टा

भक्ती संपल्यावर रात्री साडेनऊला बाया वाडीवर परत कशा जाणार? चार किलोमीटर, मध्ये नाला म्हणालात.

काळीमाती

गावातल्या एका टाटा मॅजिकवाल्याशी बोललो, तो आपलाच आहे. डिझेलचे पैसे दानार्पणातून द्यायचे की प्रत्येकाने वेगळे, यावर खजिनदार आणि पाळक यांचं अजून जमलेलं नाही. सध्या पहिला महिना मी देतो.

एक मदत हवी. रात्री आठला लाईन जाते. चर्चमध्ये इन्व्हर्टर आहे पण बॅटरी बसली आहे. चांगल्या स्थितीतली जुनी, दीडशे एएचची, कोणाकडे असेल तर सांगा.

दोन बॅटऱ्या

नावावर जाऊ नका, माझ्याकडे एकही शिल्लक नाही. 😄 पुसदला एक जण दुरुस्त करून देतो, व्यक्तिगत निरोप पाठवतो.

तिसरी घंटा

होळीनंतर इथे लिहा. आकडा नको, तुमच्याच शब्दांत, कोण आलं ते.